घटीच्या रकान्यातले देवाजीभाऊ

उद्या अकरा वाजता देवाजीभाऊंची चौकशी आहे आणि ते खोटं बोलणार नाहीत, ही काळजी काही केल्या माझी पाठ सोडत नाही. माणूस खोटं बोलेल म्हणून धास्तावलेली मी बाई. पंचवीस वर्षं आई आहे, बावीस वर्षं शिक्षिका. कुणी खरं बोलेल म्हणून झोप उडण्याची ही पहिलीच वेळ. माझी मुलगी करुणा मुंबईला वसतिगृहात आहे. तिला यातलं काही कळवलेलं नाही. तिचे वडील बल्लारपूरला नोकरीला, शनिवारी येतात, त्यांनाही नाही. म्हणून कागद पुढे ओढला आहे.

देवाजी गेडाम आमच्या गावच्या गुरांच्या दवाखान्यात परिचर आहेत. सावली सोडून वैनगंगेच्या बाजूला निघालं की हे गाव लागतं. मुलींची शाळा आणि दवाखाना समोरासमोर, मध्ये रस्ता, रस्त्यावर गुरं. त्यामुळे मराठीचा तास चालू असताना मला खिडकीतून देवाजीभाऊ दिसतात. वय छप्पन. काटक अंग, खाकी शर्ट, वरचं बटण लावलेलं. जन्म गडचिरोलीपलीकडच्या जंगलातल्या एका गावचा. चौथी झाली आणि शाळेनं त्यांना सोडलं, की त्यांनी शाळेला, हे ते सांगत नाहीत.

नोकरीला लागले ते वळूची देखभाल करायला. तेव्हा दवाखान्यात मोती नावाचा सरकारी वळू होता. गावातल्या गाई त्याच्याकडे येत. मोतीला सरकारी पेंड मिळे, आणि ती त्यानं खाल्ली की नाही हे वहीत लिहावं लागे. आधीचे लोक 'खाल्ली' असं महिनाभराचं एकदम लिहून ठेवत. देवाजीभाऊंनी एकदा लिहिलं, 'आज खाल्ली नाही. पेंडीला वास आहे.' दुसऱ्या दिवशीही तेच. सातव्या दिवशी पेंड बदलण्याऐवजी देवाजीभाऊच बदलले. तीन महिने सिरोंच्याकडे पाठवले गेले. परत आले तेव्हा मोती हाडांवर आला होता आणि वहीत रोज 'खाल्ली' होतं.

पुढे वळू ठेवणं बंद झालं आणि त्याच्या जागी डबा आला. ॲल्युमिनियमचा, माठासारखा, बारीक मानेचा. त्याच्यात द्रव नायट्रोजन, आणि नायट्रोजनात बुडवलेल्या बारीक कांड्यांमध्ये कुठल्या कुठल्या नामांकित वळूंचं बीज. देवाजीभाऊ वळूचे होते ते डब्याचे झाले. नायट्रोजन उघड्यावर राहत नाही, उकळून हवेत जातो. म्हणून ते रोज सकाळी एक लाकडी पट्टी डब्यात सोडतात, बाहेर काढून हवेत हलवतात, पट्टीवर जिथपर्यंत पांढरा दहिवर चढतो तिथपर्यंत नायट्रोजन आहे असं समजतात आणि वहीत लिहितात. रविवारीसुद्धा. मी एकदा विचारलं, "सुट्टीच्या दिवशी काऊन येता भाऊ?"

"मोती उपाशी असला त हंबरे जी," ते म्हणाले. "हा काईच बोलत नाई. पट्टी टाकली तवाच सांगते."

ब्याऐंशी साली चंद्रपूर जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. कपाटंही वाटली गेली. देवाजीभाऊंचा जन्म गडचिरोलीकडचा, म्हणून कुणीतरी त्यांचं सेवापुस्तक गडचिरोलीच्या गठ्ठ्यात टाकलं. माणूस इकडे, पुस्तक तिकडे. सहा वर्षं ते अर्ज करताहेत. तिकडचे म्हणतात, माणूस आमचा नाही. इकडचे म्हणतात, पुस्तक आमच्याकडे नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली. पुस्तक आलं नाही तर पेन्शन नाही, आणि चौकशीत डाग लागला तर पुस्तक येऊनही उपयोग नाही.

हा डाग माझ्या घरून गेला आहे.

गेल्या महिन्यात, डिसेंबर अठ्ठ्याऐंशीत, करुणा दहा दिवसांच्या सुट्टीवर आली. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत ती अतिसंवाहकांवर, म्हणजे गारठ्यात वीज बिनअडथळा वाहू देणाऱ्या पदार्थांवर, पीएच.डी. करते. येताना कॅमेऱ्याच्या रोलच्या प्लॅस्टिक डबीत कापसात गुंडाळून एक काळी टिकली घेऊन आली. आठ आण्याच्या नाण्याएवढी. चुलीतला कोळसा कुणी गोल घासावा तशी.

"आई, हे कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "सरांना न विचारता आणलीय. तुला दाखवायला."

मी घाबरले. चोरी म्हटलं की मला आधी पोलीस दिसतात, मग मुलीचं लग्न. तिनं समजावलं की चार टिकल्या तिनंच भाजल्या होत्या, ही तडा गेलेली होती, तरीही विचारायला हवं होतं हे खरं. मार्चमध्ये तिच्या शिष्यवृत्तीची मुदतवाढ आहे. म्हणजे तोवर तरी कुणाला कळता कामा नये. मी शपथ घेतली.

आणि चौथ्या दिवशी मोडली. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मुख्याध्यापिका आशाबाई म्हणाल्या, दरवर्षी तोच ज्वालामुखी, तीच पवनचक्की, काहीतरी नवं हवं हो. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी करुणा चुंबक हवेत तरंगवून दाखवेल." आईपणाचे जे दोष आहेत त्यात बढाई हा काळजीच्या खालोखाल येतो.

करुणा चिडली. मग हसली. "अगं, टिकली नुसती ठेवून काही होत नाही. ती उणे एकशे ऐंशीच्या खाली न्यावी लागते. तुमच्या गावात नायट्रोजन कुठून आणू?"

मी वर्गाची खिडकी उघडली आणि समोरचा दवाखाना दाखवला.

डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते. देवाजीभाऊ ओसरीवर बसून पट्टी पुसत होते. मी एकटीच गेले. करुणा नको म्हणत होती. मी सांगितलं, थोडा नायट्रोजन हवा आहे, मुलींना विज्ञान दाखवायचं आहे.

"किती जी?"

"दोन लिटर म्हणते ती."

त्यांनी पट्टी सोडली, काढली, हलवली. "अर्ध्याच्या वर आहे. परवा गाडी येते. घेऊन जा. पण थर्मासचं झाकण घट्ट नोका लावू बाई, फुटन."

"डॉक्टरांना विचारायला नको?"

"डॉक्टर असते त मले इचारते, देऊ का म्हणून. डबा मलेच ठाऊक." मग पट्टी पुसत, "पोरीच पाहून राह्यल्या ना? मग देल्लं पायजे. मोतीले पाहाले पोरी येत, त शाळा त्याईले हाकलून लावे."

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री शेजारच्या गावात नाटक होतं, वडस्याची मंडळी आली होती. त्यामुळे अर्ध्या मुली आणि सगळे पाहुणे जांभया देत होते. करुणानं थर्माकोलच्या वाटीत टिकली ठेवली, वर नायट्रोजन ओतला. वाफांचे ढग टेबलावरून खाली उतरले तेव्हा जांभया थांबल्या. मग तिनं चिमट्यानं मसुराएवढा चुंबक टिकलीवर सोडला आणि तो टिकलीला न टेकता हवेतच राहिला. बोटानं बाजूला ढकलला, परत जागेवर आला. टाळ्या वाजल्या. नाटकातल्या विनोदी पात्राला वाजल्या असतील त्याहून कमी, पण वाजल्या.

सगळे पवनचक्कीकडे गेल्यावर देवाजीभाऊ मात्र टेबलाशीच उभे. आपला नायट्रोजन कुठे गेला हे पाहायला आले असतील असं मला वाटलं.

"पोरी, हा सरकून काऊन जात नाई?" त्यांनी विचारलं. "वर ढकलून राह्यला ते समजलं. बाजूले काऊन नाई पळत?"

करुणाचा चेहरा बदलला. मला माहीत आहे तो चेहरा. तिसरीत असताना तिच्या हाती पहिल्यांदा भिंग आलं तेव्हाचा. म्हणाली, "काका, ही टिकली गार झाली की चुंबकाला आत येऊ देत नाही. पण चुंबक अगदीच जवळ असला तर तो थोडा थोडा आत शिरतो, धाग्याधाग्यानं. प्रत्येक धाग्याभोवती विजेचा एक भोवरा फिरत असतो. हे भोवरे एकमेकांना दूर लोटतात, म्हणून सारख्या अंतरावर उभे राहतात."

"शिंगं लावते एकमेकाले."

"हो, तसंच. आणि टिकलीत जिथे काही खोट असेल, तडा, कचरा, भाजताना राहिलेला खडा, तिथे भोवरा अडकतो. तो अडकला की चुंबक हलत नाही."

"म्हणजे खुंटा," देवाजीभाऊ म्हणाले. "खोट म्हंजे खुंटा."

"टिकली अगदी निर्दोष असेल तर?" मी विचारलं. मुलीच्या विषयात मी पहिल्यांदाच प्रश्न विचारत होते.

"मग भोवरे मोकाट. वीज त्यांना हलवते, ते पळतात, आणि बिनअडथळ्याची म्हणून जिची ख्याती, तिच्यातच अडथळा येतो. निर्दोष टिकली काही कामाची नाही, आई."

हे लग्नाच्या बाजारात कुणीतरी सांगायला हवं होतं, असं मी मनात म्हटलं.

वाटीतला नायट्रोजन सरत आला. करुणा टिकली उचलणार तोच देवाजीभाऊंनी हात आडवा केला. ते वाकून बघत होते, पट्टीवरचा दहिवर बघतात तसं. चुंबक हळूहळू खाली येऊ लागला, जरासा कलला, डगमगला, मग टिकलीवर टेकला.

"आधी ढिला झाला," ते म्हणाले. "पडला मंग. दोन येगयेगळ्या येळी."

करुणानं चिमटा खाली ठेवला.

"गोठा पडाच्या आधी ढोरं सुटले," ते म्हणाले. "गोठा उभाच होता. खुंट्यावरून सुटले. आता सांग पोरी, एक सुटलं म्हणून सारे सुटते, का साऱ्याईचं मन एकाच येळी होते?"

"काका," करुणा म्हणाली, "हाच माझा प्रबंध आहे. अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. गारठ्यात भोवरे आपापल्या जागी थिजलेले असतात. ऊब वाढली की त्यांची रांग वितळते, आणि हे टिकलीचा गुण जायच्या आधीच होतं. तो क्षण मोजायचा म्हणून मी दीड वर्ष बसलेय."

"मले इचाराचं होतं. बैलबाजारात रोज दिसते."

त्या संध्याकाळी तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि पलीकडे कंसात 'देवाजीकाका'. मला फार बरं वाटलं. माझी बढाई फुकट गेली नव्हती.

तिकडे देवाजीभाऊही वहीत लिहीत होते. नायट्रोजनच्या वहीत एक रकाना आहे, 'घट', आणि त्याच्या पुढे 'घटीचे कारण'. जिल्ह्यातल्या सगळ्या वह्यांमध्ये या रकान्यात एकच शब्द असतो, बाष्पीभवन. तो इतका नेहमीचा आहे की काही ठिकाणी त्याचा रबरी शिक्का करून घेतलाय असं म्हणतात. दोन लिटर काय, डबा रस्त्यात आडवा झाला तरी बाष्पीभवनच. देवाजीभाऊंनी लिहिलं, 'शाळेत चुंबक तरंगवायला दिले. २ लिटर.' आणि खाली सही.

परवा येणारी गाडी सात दिवसांनी आली. ती उशिरा का आली हे कुणी विचारलं नाही, कारण गाडीच्या वहीत तो रकाना नाही. तोवरही कांड्या नायट्रोजनातच होत्या, पट्टीचे आकडे रोजचे लिहिलेले आहेत. पण त्याच सुमारास गावातल्या लच्छूची गाय उलटली, म्हणजे बीज भरूनही पुन्हा माजावर आली. दहांतल्या पाच-सहा उलटतात. लच्छूची याआधी दोनदा उलटली होती. यावेळी मात्र त्याला कारण सापडलं. चौकात म्हणाला, "वळूचं पाणी चुंबकाले पाजलं, गाईले काय रायलं?" आणि तालुक्याला अर्ज दिला.

डॉक्टर तरुण आहेत, स्वभावानं वाईट नाहीत. त्यांनी वही उघडली आणि डोक्याला हात लावला. "देवाजी, हे खोडून बाष्पीभवन लिही. विषय इथेच संपतो."

"उडालं नाई साहेब. मी देल्लो."

"अरे पण शेवटी उडालंच ना? वाटीतून उडालं!"

"वाटीतून उडालं ते खरं. डब्यातून नाई उडालं. वही डब्याची आहे."

हे मला डॉक्टरांनीच सांगितलं, हताश होऊन. मी धावत दवाखान्यात गेले. देवाजीभाऊंनी मला पाहताच आवाज खाली केला. "भेवू नोका बाई. तुमचं नाव लिव्हलं नाई. कोणं मागतलं, असा रकानाच नाई वहीत."

"पण चौकशीत विचारलं तर?"

"इचारलं त इचारलं. पोरीचं तिकडे काई चालू आहे, मले ठाऊक आहे. डबी पाह्यली तवाच समजलं, अशी कापसात कोणी हक्काची चीज आणत नाई."

मी घरी आले. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. दोन दिवस मी नीट जेवले.

मग आशाबाईंकडे पत्र आलं: शाळेनं नायट्रोजनची मागणी केली होती काय, खुलासा करावा. आशाबाईंनी ते माझ्यासमोर ठेवलं. "तुमचं मराठी चांगलं आहे, तुम्हीच लिहा. शाळा अडकायला नको." मी बसून लिहिलं. 'शाळेने दवाखान्याकडे लेखी अथवा तोंडी स्वरूपात कोणतीही मागणी केलेली नाही. सदर प्रयोग बाहेरून आलेल्या व्याख्यात्यांनी सादर केला.' यातला शब्द न् शब्द खरा आहे. शाळेनं मागणी केली नव्हती. मी केली होती. करुणा बाहेरूनच आली होती. 'लेखी अथवा तोंडी' हे तर मला इतकं आवडलं की मी ते दोनदा वाचलं. आशाबाईंनी सही केली आणि म्हणाल्या, बघा, भाषा येत असली की कसं.

त्या पत्राच्या जोरावर आता आरोप असा झाला आहे की परिचर गेडाम यांनी कुणीही मागितलं नसताना सरकारी नायट्रोजन स्वतःच्या मर्जीनं बाहेर नेला. याला चोरी म्हणतात. चौथी शिकलेल्या माणसानं एक ओळ खरी लिहिली, बी.ए. झालेल्या बाईनं दोन ओळी खऱ्या लिहिल्या, आणि तिच्या दोन ओळींनी त्याच्या एका ओळीचा गळा धरला.

परवा त्यांची बायको रुखमाबाई शाळेच्या फाटकाशी भेटल्या. धानाचं सूप डोक्यावर. "काय म्हणतात भाऊ?" मी विचारलं.

"काय म्हणन? शर्ट धुवून ठेवला आहे. मी म्हटलं, सांगून टाका ना कोणं मागतलं थे. त म्हणते, मागणाऱ्यानं मागावं, देणाऱ्यानं मोजून द्यावं, माझं मोजून झालं." मग माझ्याकडे बघून, "तुमाले ठाऊक आहे का बाई, कोणं मागतलं?"

मी म्हटलं, "उशीर होतोय रुखमाबाई, तास आहे." त्या बाजूला झाल्या. तास नव्हता.

तेव्हापासून हिशेब करून पाहते आहे आणि तो एका बाजूला झुकतच नाही. मी बोलले तर चौकशीचे साहेब विचारतील व्याख्याती कोण, आणि करुणाचं नाव कागदावर येईल. कागद कुठेही जातो. आमच्याकडे तर चुकीच्या जिल्ह्यातसुद्धा जातो, पण मुंबईला बरोबर पोचेल असं माझं नशीब. तिचे सर रागावतील. मुदतवाढ अडेल, कदाचित. हे 'कदाचित' मी तीन आठवडे उराशी धरून बसले आहे. देवाजीभाऊंच्या बाजूला कदाचित नाही. साहेब विचारतील, कुणी मागितलं? ते खोटं नाव सांगणार नाहीत, माझंही सांगणार नाहीत. उभे राहतील. त्यांचं ते उभं राहणं 'निरुत्तर' म्हणून लिहिलं जाईल, कारण त्यासाठी रकाना आहे.

करुणाला आधी विचारावं असं वाटत होतं. पण विचारलं तर ती काय म्हणेल हे मला माहीत आहे, आणि ती तसं म्हणाली की ते धाडस तिचं होईल, माझं नाही. मागायला मी गेले होते. ती नको म्हणत होती. तिला सकाळी पत्र टाकीन, सगळं लिहून. सरांना तूच आधी सांग, हेही लिहीन.

चौकशीचे साहेब चंद्रपूरहून सातला जीपनं निघतात असं डॉक्टर म्हणाले. साहेबांच्या घरचा नंबर मी दवाखान्याच्या भिंतीवरच्या यादीतून उतरवून आणला आहे. आणला तेव्हा स्वतःला सांगितलं होतं की सहज. श्रीहरीभाऊंच्या धान गिरणीत फोन आहे, गिरणी सहाला सुरू होते, आणि आमचं टेलिफोन केंद्रही सहालाच उघडतं. सव्वासहाला जाऊन अर्जंट ट्रंक कॉल लावायला सांगीन. गिरणीच्या घरघरीत ओरडून बोलावं लागेल आणि चार हमाल ऐकतील. ऐकू देत. साहेबांनी उचलला की नमस्कार-चमत्कार नको, लाईन कधी तुटेल सांगता येत नाही. आधी एवढंच सांगायचं: नायट्रोजन मी मागितला, तोंडी, माझ्या मुलीच्या प्रयोगासाठी, आणि शाळेचं ते पत्रही मीच लिहिलं आहे.